त्वचारोगतज्ज्ञाच्या पदवीतले तीन रोग

त्वचारोगतज्ज्ञाच्या एम.डी. पदवीत तीन विषय येतात: त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. नाशिकला गंगापूर रोडवरच्या दवाखान्यांत मुरुम, वांग, चाई किंवा केसगळतीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना यातल्या शेवटच्या दोहोंशी आपल्या डॉक्टरांचा काही संबंध असेल, असे सहसा वाटत नाही. पण महाराष्ट्रात हा व्यवसाय उभा राहिला तो मुख्यतः याच दोन लपवल्या जाणाऱ्या रोगांवर. सौंदर्योपचार फार उशिरा आले.

या इतिहासातले पहिले मोठे नाव हेन्री वँडाइक कार्टर यांचे. ‘ग्रेज अ‍ॅनॅटमी’ या शरीररचनेवरच्या ग्रंथाच्या १८५८च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे त्यांनी काढली आणि त्याच वर्षी ते मुंबईला आले. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असताना महारोगी, म्हणजेच कुष्ठरोगी, त्यांच्या रोजच्या पाहण्यात आले. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांचे महारोगावरचे काम पाहिल्यावर हा रोग आनुवंशिक नसून संसर्गजन्य आहे, असे त्यांचे मत झाले. पुढच्याच वर्षी महारोग आणि हत्तीरोगावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पायाला सूज येऊन भोके पडणाऱ्या ‘मदुरा फूट’ या बुरशीजन्य रोगावरचे पुस्तकही १८७४चेच.

रोग संसर्गजन्य ठरला, पण त्यावर औषध नव्हते. म्हणून रोग्यांना वेगळे ठेवण्याचा आग्रह वाढला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. तेच आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय. १८९८च्या कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्यांना पकडून डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो कायदा २०१६ पर्यंत कागदावर राहिला, हे लाजिरवाणेच म्हणायला हवे.

दुसरा धागा गुप्तरोगांचा. मुंबईत डॉ. यू. बी. नारायण राव यांनी १९३५ मध्ये गुप्तरोगांवरचे नियतकालिक सुरू केले. त्वचारोग त्याच्या नावात काही वर्षांनी आले. पेनिसिलिनने उपदंश आटोक्यात आणल्यावर गुप्तरोगतज्ज्ञांचे काम कमी झाले आणि तराजू त्वचेकडे झुकला. १९७३ मध्ये या शाखांच्या संघटना एकत्र आल्या, तेव्हा कुष्ठरोगालाही नावात जागा मिळाली.

कुष्ठरोगाचे खरे काम मात्र मुंबईबाहेर चालू होते. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. वर्ध्यातच १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. रोग्याची वाट पाहत न बसता घरोघरी जाऊन तपासणी करायची, लोकांना समजावायचे आणि गावातच डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाच्या गोळ्या द्यायच्या, ही प्रतिष्ठानची पद्धत. तपासणीला फारसे साहित्य लागत नसे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, फिकट चट्ट्यावर कापसाचा धागा टेकवायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे; मग कोपरामागची शीर जाड झाली आहे का, हे चाचपायचे. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. महिन्यातून एकदा रिफाम्पिसिनची मात्रा कर्मचाऱ्यासमोर आणि बाकीच्या गोळ्या घरी रोज, असे सहा किंवा बारा महिने चालते. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि रोजच्या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून औषध सोडतो.

पुण्यात या दोहोंखेरीज आणखी एक रोग पुढे आला. १९५०च्या दशकात तिथे दिसलेले गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, अंगाला लागून होणाऱ्या त्वचादाहाची नोंद १९६८ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी केली. या गवताचे कण वाऱ्याने उडतात, म्हणून पुरळ चेहरा, मान आणि कोपराच्या खळगीत उठते. इकडे नाशिकला गंगापूर रोडने धरणाकडे जाताना द्राक्षबागा लागतात. तिथल्या मजुरांना निराळाच त्रास होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची ‘पेस्ट’ लावतात. हातमोजे नसतील तर हातांची कातडी सोलवटते. त्या दिवशी कोणी दारू घेतली, तर तोंड लालबुंद होऊन छाती धडधडू लागते. अशा रुग्णाला मलमाआधी त्याचे काम विचारावे लागते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकलाच स्थापन झाले आणि राज्यभरातल्या या पदव्युत्तर परीक्षा त्याच्याकडे आल्या. आज दवाखान्यांत लेझर आहे, केशारोपण आहे. तरी हट्टी नायट्यासारखा वेळ दुसरे काही खात नाही. दुकानातून विनाचिठ्ठी आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे वण पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, टाकली. नायट्याची तपासणी जुनीच आहे: पात्याने कडेचा कोंडा खरवडायचा, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. औषध कित्येक आठवडे चालते, आणि घरात आणखी कोणाला नायटा असेल तर त्यालाही सोबतच द्यावे लागते.