कार-९८के मध्ये ७.६२ ची गोळी खरंच चालते का? जुन्या कार्बाईनचं 'कन्व्हर्जन' समजून घ्या

बीजीएमआय खेळत असाल तर हे माहीतच असेल: एकेएम उचला किंवा कार-९८के, दोन्हींना ७.६२ चीच गोळी लागते. खऱ्या जगात मात्र कार-९८के मूळची ७.६२ ची नव्हती. पुढे एका देशाने ती ७.६२ ची करून घेतली, आणि तरीही एकेएमची गोळी तिच्यात चालत नाही. हे कसं काय? बघूया.

आधी आकडे वाचायला शिका

आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो ते असतं काडतूस. त्यात चार गोष्टी असतात: पुढची गोळी, पितळी केस, आतली दारू आणि बुडाला प्रायमर.

काडतुसाच्या नावात साधारण दोन आकडे असतात. पहिला नळीच्या व्यासाचा अंदाज देतो, दुसरा केसची लांबी सांगतो. दोन्ही मिमीमध्ये.

- कार-९८के (मूळ): ७.९२×५७
- नाटो काडतूस: ७.६२×५१
- एकेएम: ७.६२×३९

म्हणजे पहिला आकडा सारखा असला तरी काडतूस एकच असेल असं नाही. दोन फोनना टाईप-सी पोर्ट असलं म्हणून दोन्ही एकाच चार्जरवर फास्ट चार्ज होतात का? तसंच हे. फरक इतकाच की इथे चूक झाली तर चेहऱ्याजवळ स्फोट होऊ शकतो.

इस्रायलने काय केलं?

कार-९८के म्हणजे जर्मन भाषेत 'आखूड कार्बाईन ९८'. १९३५ मध्ये जर्मन सैन्याने ती स्वीकारली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अशा लाखो रायफली युरोपात पडून होत्या. १९४८ च्या युद्धाच्या काळात नव्या इस्रायलने त्या चेकोस्लोव्हाकियाकडून विकत घेतल्या. त्यातल्या काहींवर नाझी खुणा तशाच होत्या, आणि आता त्या ज्यू सैनिकांच्या हातात होत्या.

पुढे १९५४ मध्ये नाटोने ७.६२×५१ हे स्टँडर्ड काडतूस ठरवलं. इस्रायलनेही नव्या रायफलींसाठी तेच निवडलं. मग जुन्या रायफलींसाठी वेगळा दारूगोळा कशाला सांभाळायचा? म्हणून त्याच दशकात कार-९८के नव्या काडतुसासाठी बदलल्या गेल्या.

हे जमलं कसं?

नशिबाने दोन्ही काडतुसांचं बूड जवळपास सारखं, सुमारे १२ मिमी. त्यामुळे काडतूस मागून धरून ठेवणारा बोल्ट तोच चालला. नवं काडतूस आखूड असल्याने मॅगझिनमध्ये मावायचाही प्रश्न नव्हता.

नळी मात्र बदलावीच लागली. ७.९२ ची खरी गोळी साधारण ८.२ मिमी जाड, तर नाटोची ७.८ मिमी. जुन्या नळीत ती सैल बसली असती. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, तीही नव्या केसच्या मापाची हवी. बोल्ट आणि चेंबर यांच्यातल्या नेमक्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त झालं तर केस फाटून गरम गॅस मागे येऊ शकतो.

बदललेल्या रायफलीवर '७.६२' असा शिक्का मारला जायचा, लाकडी दस्त्यावरही तो आकडा डागला जायचा. बाहेरून दोन्ही रायफली सारख्याच दिसत. घाईत सैनिकाने चुकीचं काडतूस घेऊ नये म्हणून ही खूण.

भारतातलं उदाहरण

आपल्याकडे पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीसमोरही असाच प्रश्न होता, पण उत्तर वेगळं निघालं. जुन्या 'थ्री नॉट थ्री'च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, नाटोच्या काडतुसाला ती नसते. शिवाय नव्या काडतुसाचा दाबही जास्त. त्यामुळे नुसती नळी बदलून भागणार नव्हतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने जुन्या डिझाईनवरच, पण अधिक मजबूत स्टीलची नवी रायफल बनवली. केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिनही बदललं. हीच २ए आणि नंतरची २ए१. दिसायला थ्री नॉट थ्रीची बहीण, पण गोळ्या एकमेकींच्या चालत नाहीत.

मग एकेएमचं काय?

तिची केस नाटोच्या केसपेक्षा १२ मिमीने आखूड, बूडही लहान. त्यामुळे इस्रायलची बदललेली कार-९८के घेतली तरी एकेएमचं काडतूस तिला चालणार नाही. गेमने सोयीसाठी सगळं एकाच '७.६२' मध्ये बसवलंय, एवढंच.

थोडक्यात

कन्व्हर्जन जमेल का हे ठरवताना चार गोष्टी बघतात: गोळीची जाडी, केसची लांबी आणि आकार, बूड, आणि दाब. हे काम सरकारी कारखान्यांत मापं आणि चाचण्या घेऊन झालं, घरगुती जुगाडाने नाही. भारतात तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टनुसार परवान्याशिवाय बंदुकीत असा बदल करणं हा गुन्हा आहे.

पुढच्या वेळी गेममध्ये ७.६२ उचलाल तेव्हा मित्राला विचारून बघा: "कुठली ७.६२? ३९ की ५१?"