अंदाज बरोबर होता

भूगोलाच्या पुस्तकात हवामानाच्या नकाशाचे एक चित्र असते. त्यात एक वाकडी निळी रेषा आणि तिच्या एका अंगाला ओळीने काढलेले छोटे त्रिकोण दिसतात. ही ‘शीत आघाडी’. थंड, जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते, उबदार हवा वर ढकलली जाते, ढग बनतात आणि पाऊस पडतो, असे आपण वर्गात सांगतो. विद्यार्थी ते लिहून घेतात, परीक्षेत आकृतीसह उत्तर देतात आणि विषय संपतो.

पण शीत आघाडी आली आणि पाऊसच पडला नाही, तर? असे घडते, आणि एका विशिष्ट प्रदेशात उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरचेवर घडते. या निळ्या रेषेचा इतिहास शिकवताना त्या प्रदेशाची गोष्ट सांगावी असे मला वाटते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅस्केड व सिएरा नेवाडा या पर्वतरांगा आणि रॉकी पर्वत यांच्या दरम्यान एक विस्तीर्ण, उंचावरचा कोरडा मुलूख आहे. ओरेगॉनचा मध्य व पूर्व भाग, नेवाडा, यूटा, कोलोराडोची पश्चिम कड असा तो पसरला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची बहुतेक ठिकाणी हजार ते दोन हजार मीटर भरते. तिथले लोक त्याला ‘उंच वाळवंट’ म्हणतात. मात्र हे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नाही. येथे सेजब्रश नावाची करडी झुडपे, वाळके गवत आणि डोंगरउतारांवर खुरटे वृक्ष आढळतात. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्प पश्चिमेकडच्या पर्वतांवरच पडून जाते. सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे गेले की पाऊस जसा आटतो, तसेच हे. पर्जन्यछायेचा नियम दोन्हीकडे एकच.

जून-जुलैमध्ये पॅसिफिकवरून शीत आघाड्या या मुलखात येतात तेव्हा त्यांच्यात फारसे बाष्प उरलेले नसते. उबदार हवा वर ढकलली जाते, पण ती इतकी कोरडी असते की ढग जेमतेम दिसतात. उरतो तो फक्त वारा. आघाडीच्या आसपास हवेचा दाब थोड्या अंतरात झपाट्याने बदलतो, त्यामुळे वारा जोरात वाहतो. दुपारी जमीन तापलेली असते, हवा कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जात असते आणि वरच्या थरांतला वेगवान वारा खाली उतरतो. शिवाय आघाडी पुढे सरकताना वाऱ्याची दिशाही बदलते. आधी नैर्ऋत्येकडून येणारा वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येऊ लागतो. डोंगरात कुठे वणवा लागलेला असेल तर या बदलाचा अर्थ गंभीर होतो. वणव्याची जी बाजू आतापर्यंत संथपणे जळत होती, तीच अचानक त्याचे तोंड बनते.

२० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत या मुलखाच्या उत्तरेला, आयडाहो व मोंटाना राज्यांत, असेच घडले. आधीच जळत असलेले शेकडो लहान-मोठे वणवे भन्नाट वाऱ्याने एकत्र आले आणि सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. ८५ च्या आसपास माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य वणवा विझवणारेच होते. तो वारा एका शीत आघाडीबरोबर आला होता, असे आज अभ्यासक मानतात. पण १९१० साली हे कोणी म्हणू शकत नव्हते, कारण ‘शीत आघाडी’ ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती. लोकांना एवढेच ठाऊक होते की कधी कधी वारा एकाएकी उलटतो.

ती कल्पना जन्मली नॉर्वेतल्या बर्गेन या बंदरात, पहिल्या महायुद्धाच्या काळात. नॉर्वे तटस्थ होता, पण युद्धामुळे परदेशांतून येणाऱ्या हवामानाच्या नोंदी बंद झाल्या होत्या आणि देशात धान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांना हवामानाचा अंदाज हवा होता, पण तो कशाच्या आधारे द्यायचा? विल्हेल्म ब्यर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ १९१७ मध्ये लाइपझिगहून बर्गेनला आले होते. त्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले. नोंदी जवळजवळच्या ठिकाणांहून येऊ लागल्या, तेव्हा पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसली. हवेचे गुणधर्म हळूहळू बदलत नाहीत. एका अरुंद पट्ट्यात ते एकदम बदलतात. त्यांचा मुलगा याकोब तेव्हा जेमतेम विशीत होता. त्याने १९१९ मध्ये फिरत्या आवर्तांच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. या सीमांना त्याने आधी वेगळी नावे दिली होती, पण लवकरच ‘फ्रंट’ हा शब्द रूढ झाला. दोन वायुराशी समोरासमोर ठाकलेल्या आहेत आणि त्यांच्यातली रेषा कधी इकडे, कधी तिकडे सरकते आहे, हे चित्र त्या पिढीला युद्धाच्या बातम्यांमुळे चांगलेच परिचयाचे होते. मराठीतला ‘आघाडी’ हा शब्दही हाच अर्थ बरोबर आणतो.

अमेरिकेत ही पद्धत सावकाश पोहोचली. बर्गेनमध्ये शिकलेले कार्ल-गुस्ताव रॉस्बी १९२६ मध्ये तिथे गेले आणि त्यांनी विद्यार्थी तयार केले. सरकारी हवामान खाते मात्र बराच काळ जुन्याच रीतीने चालले होते. स्वतः बर्गेनला जाऊन आलेले फ्रान्सिस रायशेलडर्फर १९३८ मध्ये त्याचे प्रमुख झाले, तेव्हा बदलाला वेग आला. त्याच्या आदल्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९३७ रोजी, वायोमिंग राज्यातल्या ब्लॅकवॉटर वणव्यात एका कोरड्या शीत आघाडीच्या वाऱ्याने १५ जणांचा बळी घेतला होता.

यापुढची वर्षे प्रगतीची होती. दुसऱ्या महायुद्धात हवामानतज्ज्ञांची संख्या वाढली, मग रडार आले, उपग्रह आले, संगणक आले. अमेरिकेच्या वनखात्याने १९५७ मध्ये वणवा विझवणाऱ्यांसाठी दहा नियम तयार केले. त्यांतला पहिलाच नियम सांगतो की वणव्याच्या हवामानाची स्थिती आणि अंदाज यांची सतत माहिती ठेवा. आता १९१० सारखे काही घडू नये, असे कोणालाही वाटले असते.

२ जुलै १९९४ रोजी कोलोराडोतल्या ग्लेनवुड स्प्रिंग्ज गावाजवळ स्टॉर्म किंग नावाच्या डोंगरावर वीज पडून एक लहानसा वणवा लागला. त्या दिवसांत आसपास विजांनी बरेच वणवे लागले होते, त्यामुळे याच्याकडे लगेच कोणी वळले नाही. ६ जुलैला दुपारी डोंगरावर ४९ माणसे होती. त्यांत ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिल गावाची २० जणांची तुकडी होती. ही मुले-मुली उंच वाळवंटातलीच, पण या डोंगरावर नवखी. गॅम्बेल ओकच्या दाट झुडपांतून ती उताराच्या खालच्या दिशेने जाळरेषा तोडत निघाली होती. वणवा तेव्हा फार भयंकर दिसत नव्हता.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास कोरडी शीत आघाडी आली. वाऱ्याचा वेग ताशी ५० ते ७० किलोमीटरांवर गेला. चारच्या सुमारास आगीने घळ ओलांडली आणि ती माणसांच्या खालच्या बाजूला पेटली. आग चढावर जास्त वेगाने धावते, हे आपण विद्यार्थ्यांना काडेपेटीची काडी तिरपी धरून दाखवू शकतो. काही मिनिटांत ती जाळरेषेवर पोहोचली. ३५ जण कडेपलीकडे उतरून किंवा आधीच जळून गेलेल्या जागी आश्रय घेऊन वाचले. १४ जण मरण पावले, त्यांतले ९ प्राइनव्हिलच्या तुकडीचे होते.

या गोष्टीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढेच आहे. ही आघाडी येणार हे ठाऊक होते. ग्रँड जंक्शनच्या हवामान कार्यालयाने ती ओळखली होती, जोरदार वाऱ्याचा अंदाज दिला होता आणि वणव्यांसाठीचा धोक्याचा इशाराही काढला होता. अंदाज बरोबर होता. पण नंतर झालेल्या चौकशीत दिसले, की तो इशारा डोंगरावर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. दहा नियमांपैकी आठ नियम पाळले गेले नाहीत, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. पहिला नियम पाळण्यासाठी कोणीतरी कोणालातरी फोन किंवा रेडिओवरून चार वाक्ये सांगायला हवी होती.

१९१० आणि १९९४ या दोन सालांमध्ये विज्ञानाने फार मोठी मजल मारली होती. आधी वारा एकाएकी उलटतो एवढेच माहीत होते. मग त्याचे कारण सापडले, कारणाला नाव मिळाले, नावाला नकाशावर रेषा मिळाली आणि रेषा उद्या कुठे असेल हे सांगता येऊ लागले. शेवटचे पाऊल तेवढे राहिले. त्यानंतर अमेरिकेत दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वी हवामानाची माहिती देणे, विशिष्ट डोंगरासाठी वेगळा अंदाज मागवणे आणि शंका आल्यास कामाला नकार देण्याचा हक्क यांवर बराच भर दिला गेला. स्टॉर्म किंगवर आज एक पायवाट आहे. जिथे जिथे माणसे पडली तिथे स्मारके उभी आहेत.

वर्गात या विषयाला दोन तास द्यावेत. पहिल्या तासाला काचेच्या टाकीत मधोमध पत्रा घट्ट बसवा. एका बाजूला कोमट पाणी आणि दुसऱ्या बाजूला निळी शाई घातलेले थंड पाणी भरा. पत्रा अलगद वर ओढा. निळे पाणी तळाशी पाचरीसारखे धावते. या टाकीत ढगही नाही आणि पाऊसही नाही, तरी आघाडी आहे, हे मुलांना तिथेच दाखवता येईल.

दुसऱ्या तासाला त्यांना एक प्रश्न द्या. आज आपल्या गावासाठी विजांचा किंवा वादळाचा इशारा निघाला, तर तो शिवारात काम करणाऱ्या माणसाच्या कानावर जाईपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जातो? मुलांनी घरी, ग्रामपंचायतीत, रेडिओ ऐकणाऱ्यांकडे विचारावे आणि वहीत त्याचा नकाशा काढावा. ती रेषा मध्येच कुठे तुटत असेल, तर ती जागाही त्यांनी नकाशावर दाखवावी.