खिशातले बिऱ्हाड

एखाद्या यंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ते कोणी बनविले, केव्हा विकावयास आले आणि किती खपले एवढे सांगावयाचे, अशी साधारण समजूत आहे. मोबाइल फोनच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. या धंद्यात काही उत्तम यंत्रे आली आणि ती कोणी घेतली नाहीत. काही जुनाट यंत्रे लोकांनी वर्षानुवर्षे सोडली नाहीत, आणि सोडली तेव्हा सगळ्यांनी एकदमच सोडली. असे का व्हावे? बाजारातली मंडळी याला ग्राहकाची 'निष्ठा' म्हणतात. हा शब्द आम्हांला जरा मोठा वाटतो. भाडेकरू एकाच चाळीत तीस वर्षे राहतो तो मालकावरच्या निष्ठेने राहतो असे कोणी म्हणणार नाही. शेजार, मुलांची शाळा, कोपऱ्यावरच्या वाण्याकडचे खाते आणि सामान हलविण्याचा कंटाळा यांनी त्याला धरून ठेवलेले असते. फोनचेही पुष्कळसे असेच आहे, असे आमचे मत आहे. ते कितपत टिकते हे घडलेल्या गोष्टींवरूनच पाहू.

प्रारंभ नोकियापासून करणे भाग आहे. फिनलंडमध्ये १८६५ साली कागदाच्या लगद्याचा कारखाना म्हणून निघालेली ही कंपनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगातील सर्वांत मोठी मोबाइल उत्पादक होती. २००३ साली आलेला तिचा ११०० हा फोन सुमारे २५ कोटी खपला. धूळ आत शिरू नये असे बटणांवरचे आच्छादन आणि डोक्यावर लहानशी विजेरी. ज्या गावात संध्याकाळी दिवे जातात त्या गावाला याहून अधिक काय हवे होते? २००६ साली कंपनीने तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे कारखानाही काढला. हे सर्व खरे. पण ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आणखी दोन गोष्टी आठवतील. एक म्हणजे बोटांची सवय. बटणांकडे न पाहता खिशातल्या खिशात निरोप लिहिणारी मुले आपण पाहिली आहेत. दुसरी म्हणजे बारीक पिनेचा चार्जर. तो शेजाऱ्याकडे मिळे, दुकानात मिळे, लग्नघरी मिळे. वेगळ्या कंपनीचा फोन घेतला की साऱ्या गल्लीतले चार्जर आपल्यापुरते निरुपयोगी होत. हे कारण क्षुल्लक वाटते खरे, परंतु माणसे मोठ्या तत्त्वांपेक्षा अशा क्षुल्लक सोयींनीच अधिक बांधली जातात.

आता स्मार्टफोनकडे येऊ. पुष्कळांची समजूत अशी की, स्मार्टफोन ॲपलने काढला. वस्तुतः नोकियाचा ९००० कम्युनिकेटर १९९६ सालचा आहे. फोनची मूळ कार्यप्रणाली बनविण्यासाठी सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला या कंपन्यांनी मिळून १९९८ साली सिंबियन ही संस्था उभारली. २००७ च्या जूनमध्ये ॲपलचा आयफोन विक्रीस आला तेव्हा त्याच वर्षीचा नोकिया एन-९५ समोर होता. एन-९५ ला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, थ्री-जी होते, उपग्रहावरून जागा दाखविण्याची सोय होती. पहिल्या आयफोनला यांपैकी थ्री-जी नव्हते, जीपीएस नव्हते; लिहिलेला मजकूर उचलून दुसरीकडे डकविण्याची साधी सोयही त्यात दोन वर्षांनी आली. गुणांची बेरीज करूनच माणसे फोन घेत असती तर एन-९५ हरावयास नको होता.

पारडे फिरले ते १० जुलै २००८ नंतर. त्या दिवशी ॲपलने ॲप्सची पेठ उघडली आणि पहिल्याच दिवशी तीत सुमारे ५०० ॲप्स होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. येथून पुढे फोन ही एकटी वस्तू राहिली नाही, तो बाजार झाला. बाजाराचा स्वभाव आपणांस ठाऊक आहेच. जेथे गिऱ्हाईक तेथे दुकानदार जातो, आणि जेथे दुकाने तेथेच गिऱ्हाईक जाते. अर्थशास्त्री याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. आमच्या आजीला तो आठवडे बाजारावरून समजला असता. सिंबियनसाठी ॲप लिहिणे जिकिरीचे काम होते. तेव्हा लिहिणारे हात हळूहळू दुसरीकडे वळले. गंमत अशी की, २०१० साली जगात विकलेल्या स्मार्टफोनांपैकी ३७ टक्क्यांहून अधिक अजून सिंबियनचेच होते. वरवर पाहणाऱ्याला वाडा भक्कम दिसत होता.

११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाचे मुख्याधिकारी स्टीफन इलॉप यांनी जाहीर केले की, यापुढे आपण मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली घेणार. त्या दिवशी विंडोजवरचा नोकियाचा एकही फोन दुकानात नव्हता; पहिला ल्युमिया त्या वर्षाच्या अखेरीस आला. मालकानेच सांगितले की हा वाडा पाडावयाचा आहे, नवा अजून बांधावयाचा आहे. अशा वेळी भाडेकरू काय करील? लोकांनी नोकियाला दगा दिला अशी हळहळ अजून ऐकू येते. आम्हांला ती पटत नाही. आधी कंपनीने आपल्या माणसांना सोडले, माणसे नंतर गेली.

ज्यांनी विश्वासाने ल्युमिया घेतला त्यांची कथा तर अधिक करुण आहे. २०१२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, विंडोज फोन ७ चे यंत्र नव्या ८ व्या आवृत्तीवर जाऊ शकणार नाही. म्हणजे वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गाठोडे बांधणे आले. ल्युमियाचा कॅमेरा चांगला, पडदा सुरेख, चाल गुळगुळीत. हे टीकाकारही मान्य करीत. पण शेजारी नवे काही दाखवी आणि तेच ल्युमियावर शोधावे तर मिळत नसे. इन्स्टाग्राम तेथे २०१३ च्या नोव्हेंबरात पोहोचले. २०१४ च्या एप्रिलमध्ये नोकियाचा फोन-धंदा मायक्रोसॉफ्टने ताब्यात घेतला, त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला, आणि २०१५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने या व्यवहारापायी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले.

ब्लॅकबेरीचा प्रकार वेगळा. कॅनडातील वॉटर्लू गावच्या या कंपनीने साहेबलोकांच्या हाती ई-मेल दिले, आणि २००५ पासून बीबीएम नावाची निरोपांची सोय दिली. ब्लॅकबेरीवाल्यांनी ब्लॅकबेरीवाल्यांशीच बोलावयाचे असे हे कुंपण होते. कुंपणाच्या आत पुष्कळ माणसे असली म्हणजे ते सुखाचे वाटते, आणि काही काळ तसे वाटलेही. मग २००९ साली व्हॉट्सॲप निघाले. त्याला कोणताही फोन चाले, आणि ओळख म्हणून आपला नेहमीचा नंबर पुरे होई. ब्लॅकबेरीने कुंपण काढले ते २०१३ च्या ऑक्टोबरात. तोवर आतली माणसे पांगली होती. सामान्य ग्राहकांचे बीबीएम ३१ मे २०१९ रोजी मिटले आणि जुन्या ब्लॅकबेरी फोनांना लागणाऱ्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबल्या.

नंबराचा उल्लेख आला म्हणून आपल्याकडची एक तारीख सांगितली पाहिजे. २० जानेवारी २०११ पासून भारतभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. ज्याने शेकडो लोकांना आपला नंबर देऊन ठेवला आहे असा प्लंबर, दूधवाला किंवा वकील त्यापूर्वी नाराज असूनही एकाच कंपनीकडे राहत असे. त्याची ही तथाकथित निष्ठा एका नियमाने सैल झाली. नंबर आपला झाला, आणि व्हॉट्सॲप नंबरावर चालत असल्यामुळे फोन बदलला तरी नातीगोती सुटेनात. आपल्याकडे लोक मायक्रोमॅक्सवरून सॅमसंगवर आणि सॅमसंगवरून शाओमीवर सहजी गेले त्याचे एक कारण हे आहे. अर्थात गल्ली मात्र तीच राहिली. भारतातले शंभरातले नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत, आणि आपल्या ॲप्सचा पूर्ण संच सर्व उत्पादकांच्या गळ्यात बांधल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७ कोटी रुपयांचा दंड केला.

अमेरिकेत बंधन दुसऱ्या जागी आहे. तेथे ॲपलचे आयमेसेज २०११ साली आले. आयफोनवाल्यांचे एकमेकांतले निरोप निळ्या रंगात दिसू लागले, इतरांचे हिरव्यात. वर्गातल्या मुलांमध्ये हिरवे असणे लाजेचे झाले, असे तिकडची वृत्तपत्रे सांगत. अँड्रॉइडवरच्या आपल्या आईला चलच्चित्रे नीट पाठविता येत नाहीत अशी एकाने २०२२ साली भर सभेत तक्रार केली तेव्हा, तिला आयफोन घेऊन द्या, असे ॲपलचे प्रमुख टिम कुक म्हणाले. ते हसतच म्हणाले असतील. पण २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला तेव्हा हे वाक्य आरोपपत्रात होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलने अँड्रॉइडशी निरोपांची अधिक चांगली देवघेव सुरू केली. फुग्यांचा रंग हिरवाच ठेवला.

आपल्याकडे निळ्या-हिरव्याचा वाद नव्हता, पण पत्रांची पेटी अडत होती. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा जुना पत्रव्यवहार गुगलच्या कोठारात साठे, आयफोनवरचा ॲपलच्या. एकाचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नसे. वारलेल्या वडिलांचे निरोप, परदेशी असलेल्या लेकीचे आवाज जुन्या फोनात राहत, आणि तेवढ्यासाठी तो फोन कपाटात जपून ठेवलेली घरे असंख्य होती. आयफोनवरून सॅमसंगवर हा मजकूर नेण्याची सोय २०२१ साली आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची २०२२ साली झाली. दुसऱ्या सोयीला आरंभी अट अशी होती की, नवा आयफोन अगदी कोरा असला पाहिजे. आठ दिवस वापरून मग पत्रांची आठवण झाली, तर तो सबंध पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागे.