निर्वात नलिका ध्वनिवर्धक संच

निर्वात नलिका ध्वनिवर्धक संच म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नलिकांवर चालणारा ध्वनिवर्धक घरी जोडता यावा यासाठी नलिका, रोहित्रे, रोधक, धारित्रे, पत्र्याची बैठक आणि जोडणीचा आराखडा एकत्र करून विकला जाणारा सुट्या भागांचा संच होय. बोलीभाषेत त्याला व्हॉल्व्हचा किंवा ट्यूबचा ॲम्प्लिफायर म्हणतात. संगीतप्रेमी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी हे त्याचे मुख्य ग्राहक आहेत. या संचात २५० ते ३५० व्होल्ट इतका एकदिश दाब खेळत असल्यामुळे पहिला संच निवडताना किमतीइतकाच सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका तयार केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र घातले आणि त्यातूनच पुढे ध्वनिवर्धन शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हीथकिट या कंपनीने घरी जोडण्याच्या इलेक्ट्रॉनिक संचांचा व्यवसाय उभारला. १९५९ मध्ये बाजारात आलेला डायनॅको कंपनीचा एसटी-७० हा स्टीरिओ ध्वनिवर्धक जोडलेल्या स्वरूपाबरोबरच संच म्हणूनही मिळे.

भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९६१ पासून रेडिओसाठी लागणाऱ्या नलिकांचे उत्पादन सुरू केले. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. व्हॉल्व्हच्या रेडिओचा काळ संपल्यावर हे उत्पादन थांबले; तथापि जुन्या रेडिओंतून निघालेल्या आणि न वापरता पडून राहिलेल्या भारतीय नलिका अजूनही हौशी मंडळींच्या हाती लागतात.

रचना

साध्या संचात तीन टप्पे असतात. ईसीसी८३सारखी लहान नलिका येणाऱ्या संकेताचा दाब वाढवते, ईएल८४ किंवा ६व्ही६सारखी शक्तिनलिका त्याला बळ देते, आणि निर्गम रोहित्र नलिकेच्या काही हजार ओहमचा मेळ स्पीकरच्या ४ किंवा ८ ओहमशी घालते. ईसीएल८२ या नलिकेत पहिले दोन्ही टप्पे एकाच काचेत सामावलेले असल्याने ती स्वस्त संचांत सोयीची ठरते.

एकाच शक्तिनलिकेच्या मांडणीला सिंगल-एंडेड म्हणतात. तीत ईएल८४पासून सुमारे ५ वॅट मिळतात. दोन नलिका आलटून पालटून काम करतात ती पुश-पुल मांडणी. तीत त्याच नलिकांच्या जोडीपासून १५ वॅटच्या आसपास शक्ती मिळते. सिंगल-एंडेड मांडणीत रोहित्राच्या वेटोळ्यातून सतत एकदिश प्रवाह वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते व गाभाही मोठा घ्यावा लागतो. स्वस्त संचात काटकसर होते ती नेमकी इथे. लहान गाभ्याच्या रोहित्रातून तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा नीट उमटत नाही आणि नलिका कितीही महागडी लावली तरी ही उणीव भरून निघत नाही.

पहिल्या संचाची निवड

नवशिक्यासाठी एका शक्तिनलिकेचा सिंगल-एंडेड संच सर्वांत सोयीचा, कारण त्यात जोडण्या कमी असतात आणि चूक शोधणे सोपे जाते. पाच वॅट ही शक्ती ऐकायला क्षुल्लक वाटते. पण १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर ५ वॅटला ९४ डेसिबलपर्यंत जातो. घोडबंदर रोडवरील किंवा डोंबिवलीतील सदनिकेच्या दिवाणखान्यात, भिंतीपलीकडे शेजारी असताना, एवढा आवाज पुरेसा आहे. शक्ती दुप्पट केली तरी वाढ केवळ ३ डेसिबलची होते. त्यामुळे अधिक वॅटवर पैसे घालण्यापेक्षा अधिक संवेदनक्षम स्पीकर घेणे फायद्याचे ठरते.

परदेशी संच मागवताना रोहित्राचा प्राथमिक दाब आधी तपासावा लागतो. महाराष्ट्रात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असते व तीत ६ टक्के चढउतार ग्राह्य धरला जातो. चीनमधील संचांची रोहित्रे बहुधा २२० व्होल्टची असतात. वीज २४० व्होल्टपर्यंत चढली, तर अशा संचात ६.३ व्होल्टच्या तापतंतूला जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे सहसा मान्य असलेली १० टक्क्यांची मर्यादा जवळपास गाठली जाते आणि नलिकेचे आयुष्य घटते. अमेरिकी संचांची अडचण वेगळी आहे. त्यांचे रोहित्र फक्त ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेले असेल, तर दाब कमी करणारे वेगळे रोहित्र जोडूनही ते ५० हर्ट्‌झवर जास्त तापते, कारण त्या उपकरणाने व्होल्ट बदलतात, हर्ट्‌झ बदलत नाहीत.

‘ट्यूब ॲम्प्लिफायर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त वस्तूंत नलिका केवळ प्राथमिक टप्प्यात असते आणि स्पीकर चालवण्याचे काम एक चिप करते. नलिकेखाली रंगीत दिवाही लावलेला असतो. निर्गम रोहित्र नसणे ही अशा वस्तूची सोपी खूण. कमी दाबावर चालणारे नलिकांचे प्रीॲम्प्लिफायर संच मात्र डाख देण्याचा सराव म्हणून उपयोगी आहेत, फक्त त्यांवर थेट स्पीकर चालत नाही.

सुरक्षितता

२५० व्होल्टच्या दुय्यम वेटोळ्यातून रेक्टिफायरनंतर, नलिका तापण्यापूर्वी, सुमारे ३५३ व्होल्ट मिळू शकतात. म्हणून मुख्य धारित्र ३५० व्होल्टचे असल्यास तो संच टाळणे योग्य. ४५० व्होल्टचे धारित्र असावे. प्लग काढल्यानंतरही या धारित्रात प्राणघातक भार उरतो. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्राला समांतर २२० किलोओहमचा रोधक जोडल्यास साधारण दोन मिनिटांत तो भार ओसरतो. या रोधकात ३०० व्होल्टला ०.४ वॅट उष्णता निर्माण होते, त्यामुळे पाव वॅटचा रोधक चालत नाही, १ ते २ वॅटचा लागतो. पुष्कळ स्वस्त आराखड्यांत हा काही रुपयांचा भाग गाळलेला आढळतो. तो असला तरी आत हात घालण्यापूर्वी मीटर लावून दाब पाहणे आवश्यक असते.

पत्र्याची बैठक तीन पिनी प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असली पाहिजे. जुन्या इमारतींत भिंतीवरील सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण मागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. ती वायरमनकडून तपासून घ्यावी लागते. गुणगुण कमी करण्यासाठी अर्थिंग सोडवून टाकण्याचा प्रघात धोक्याचा आहे.

पहिल्यांदा वीज देताना दुरुस्ती कारागिरांचा सिरीज दिवा वापरतात. यात ६० वॅटचा तंतूचा दिवा संचाशी एकसरीत जोडतात. तो क्षणभर उजळून मंद झाला तर जोडणी बहुधा ठीक असते. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी दिव्याने ही चाचणी होत नाही. संकेत देण्यापूर्वी स्पीकर जोडलेला असावा, अन्यथा निर्गम रोहित्रात उच्च दाब निर्माण होऊन त्याचे वेटोळे जळू शकते.

सुट्या भागांची उपलब्धता

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील हौशी मंडळींसाठी मुख्य बाजार मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हाच आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळील या बाजारात रोधक, धारित्रे, तारा व मीटर मिळतात. आराखडा दिल्यास रोहित्र गुंडाळून देणारे कारागीरही असतात. रोहित्रांचे वजन पाहता, परदेशातून पूर्ण संच मागवून वाहतूक व सीमाशुल्क भरण्यापेक्षा आराखडा व नलिका तेवढ्या मिळवून रोहित्रे इथे करून घेणे पुष्कळदा परवडते. चोर बाजारात जुने व्हॉल्व्ह रेडिओ मिळतात, पण त्यांतील नलिका झिजलेल्या असू शकतात आणि त्यांची कागदी धारित्रे पुन्हा वापरण्याजोगी नसतात.

नव्या नलिका आता प्रामुख्याने चीन, रशिया व स्लोव्हाकिया येथे बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे जगभर त्यांचा तुटवडा भासून किमती वाढल्या होत्या. ईएल८४ व ईसीसी८३ या एकाहून अधिक देशांत बनणाऱ्या नलिकांवर आधारलेल्या संचाला नवी नलिका मिळणे त्यामुळे तुलनेने सोपे जाते. एखाद्याच कारखान्यात बनणाऱ्या किंवा केवळ जुन्या साठ्यातून मिळणाऱ्या नलिकेचा संच स्वस्त असला तरी पुढे अडून बसतो.