कंट्रोल लाइन रेसची जुनी डिझेल इंजिनं: वेगापेक्षा अ‍ॅव्हरेज भारी का पडतं?

रिमोट स्वस्त होण्याच्या खूप आधीपासून मॉडेल विमानं तारांना बांधून उडवली जातात. पायलट मधोमध उभा असतो. त्याच्या हातातल्या हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानापर्यंत जातात. हँडल कललं की विमान वर-खाली होतं, बाकी ते गोल फिरत राहतं. तुम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये असाल तर हा प्रकार माहीत असेल.

टीम रेस म्हणजे काय?

एकाच वर्तुळात तीन विमानं. आंतरराष्ट्रीय नियमांत तारा १५.९२ मीटरच्या आणि फेऱ्या १००, म्हणजे साधारण १० किलोमीटर. टाकी मुद्दाम छोटी ठेवतात. इंधन संपलं की विमान उतरतं, मेकॅनिक टाकी भरतो आणि बोटाने पंखा फिरवून इंजिन पुन्हा चालू करतो.

इंजिन चालतं कसं?

१९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं ‘ऑलिव्हर टायगर’ या रेसमध्ये गाजलं. अडीच सीसीचं डिझेल, पण पंपावरचं डिझेल यात चालत नाही. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. दाबाने हवा तापते आणि ईथर पेटतं. सेटिंग्ज दोनच: एक सुई इंधन कमी-जास्त करते, वरचा स्क्रू दाब बदलतो.

मग जिंकतं कोण?

मी रोज अ‍ॅपचा स्पीड आणि बॅटरी यांचा मेळ घालतो, म्हणून मला हे गणित आवडतं. समजा, ‘अ’ विमान २.४ सेकंदांत फेरी मारतं, पण २५ फेऱ्यांत टाकी रिकामी करतं. ‘ब’ला फेरीला २.६ सेकंद लागतात, पण टाकी ५० फेऱ्या पुरते. एक थांबा १५ सेकंदांचा धरा. ‘अ’: २४० + ४५ = २८५ सेकंद. ‘ब’: २६० + १५ = २७५ सेकंद. हळू विमान जिंकलं! मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिनं जास्त इंधन पितात, शिवाय चालू करताना त्यांच्या प्लगला बॅटरी लावावी लागते. म्हणून इथे डिझेल सरस ठरलं.

करून बघायचंय? मग हे पाळाच

ईथर पटकन पेट घेतं. फिरता पंखा बोट कापतो. आणि पोलादी तारेतून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांजवळ हे विमान कधीही उडवू नका. पहिल्यांदा उडवताना सोबत जाणकार हवाच.