रस्त्याकडेचं पाणी



ऊन तापायला लागलं की आपल्याकडे वाटेवर पाणपोई लागते. रांजणाला ओलं फडकं, वर झाकण, शेजारी पेला. आज गोष्ट अशाच पाण्याची आहे, पण ती घडली अमेरिकेत, आईबापांबरोबर लांबच्या प्रवासाला निघालेल्या पोरांच्या वाटेवर.

तिकडे शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरचे लोक गाडी काढतात, पोरांना मागे बसवतात आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतात. ही चाल सुरू झाली शंभरेक वर्षांपूर्वी. 1915 साली एमिली पोस्ट नावाची लेखिका न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटारीने निघाली. चाळिशी ओलांडलेली बाई. गाडी चालवायला तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा, सोबतीला एक नात्यातली बाई. साडेचार हजार किलोमीटरांच्या वरचा पल्ला आणि रस्ते बहुतेक मातीचे. पाऊस आला की चाकं चिखलात. वाटेत एका टप्प्याला तर त्यांनी गाडी आगगाडीवर चढवली. पुढच्या वर्षी तिने या प्रवासाचं पुस्तक काढलं.

तेव्हा मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन होती. पुढे फोर्ड कंपनीच्या गाड्या स्वस्त झाल्या, रस्ते सुधारले आणि साधी कुटुंबंही निघू लागली. मागे बसलेली पोरं कंटाळायची, रडायची, तहान लागली म्हणायची. आईबापांना कुठेतरी थांबायला लागायचं. मग रस्त्याकडेची गावं विचार करू लागली, की थांबायचंच आहे तर आपल्याच गावी का थांबू नये?

साउथ डकोटा हे शेतकऱ्यांचं राज्य. तिथल्या मिचेल गावाने तर मोटारी यायच्या आधीच, 1892 मध्ये, मक्याचा महाल उभारला होता. आमची जमीन नापीक नाही, इथे पीक येतं, हे लोकांना दाखवायचं होतं. सांगून कुणी ऐकेना म्हणून त्यांनी पीकच भिंतीवर लावलं. आजचा महाल 1921 चा आहे. लाल, पिवळी, निळसर, काळपट अशा अनेक रंगांच्या मक्याची कणसं मधोमध चिरायची आणि खिळ्यांनी भिंतीवर ठोकून चित्रं करायची. जुनी कणसं काढून नव्या चित्रांसाठी नवी लावतात. ऑस्कर हाउ नावाचे डकोटा आदिवासी चित्रकार होते, त्यांनी अनेक वर्षं या भिंतींची चित्रं आखून दिली. शेतात रोज दिसणारी वस्तू बघायला लोक मैलोन्‌मैल येऊ शकतात, हे त्या गावाने ओळखलं होतं.

मिचेलहून पश्चिमेला काही तास गाडी चालवली की वॉल नावाचं गाव लागतं. 1931 च्या डिसेंबरात टेड आणि डोरोथी हस्टेड या नवराबायकोने तिथे औषधाचं दुकान विकत घेतलं. टेडच्या वडिलांकडून आलेले तीन हजार डॉलर त्यात घातले. गावची वस्ती जेमतेम सव्वातीनशे. देशभर मंदी, त्यात दुष्काळ, गिऱ्हाईक नाही. पाच वर्षं बघू, नाहीच जमलं तर उठू, असं दोघांनी ठरवलं होतं.

पाच वर्षं सरत आली. 1936 चा जुलै महिना, रविवारची दुपार. डोरोथी तान्ह्या लेकीला घेऊन आडवी झाली, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाने डोळा लागेना. ती विचार करू लागली. इतकी माणसं समोरून जातात, ती आपल्याकडे का वळत नाहीत? उन्हातान्हातून आलेल्या माणसाला हवं तरी काय असतं? थंड पाणी! आपल्याकडे पाणी आहे, बर्फ आहे. तिने नवऱ्याला सांगितलं, रस्त्यावर पाट्या लावा, वॉलच्या दुकानात बर्फाचं पाणी फुकट.

टेडला आधी हे पोरकट वाटलं. तरी एका शाळकरी मुलाला घेऊन त्याने पाट्या रंगवल्या आणि रस्त्याकडेला रोवल्या. तो परत येईपर्यंत दुकानात माणसं आलीसुद्धा होती. पाणी प्यायला आलेला माणूस पोरांना आइस्क्रीम घेई, एखादं औषध घेई, पुढचा रस्ता विचारी. पुढच्या उन्हाळ्यात हाताखाली आठ मुली ठेवाव्या लागल्या. आज ते दुकान म्हणजे एक मोठा बाजारच आहे, आणि बर्फाचं पाणी अजून फुकट मिळतं. आपल्या गटातल्या बायांनी यातलं एक ध्यानात घ्यावं. डोरोथीने नवा माल आणला नाही की कर्ज काढलं नाही. गिऱ्हाइकाला कशाची नड आहे, हे तिने ओळखलं.

पण मैत्रिणींनो, या रस्त्याची दुसरी बाजूही आहे.

वॉलहून पुढे काळ्या टेकड्यांमध्ये माउंट रशमोर हा डोंगर आहे. त्याच्या कड्यात अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले आहेत, एकेक चेहरा सुमारे साठ फुटांचा. पर्यटक यावेत या हेतूने कल्पना निघाली आणि 1927 ते 1941 असं काम चाललं. पण या टेकड्या लकोटा आदिवासींच्या पवित्र टेकड्या. 1868 च्या तहात सरकारने त्या त्यांच्याच राहतील असं लिहून दिलं होतं. सोनं सापडलं आणि 1877 मध्ये त्या काढून घेतल्या. 1980 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरांहून जास्त भरपाई देण्याचा निकाल कायम केला. लकोटांनी ती रक्कम आजवर घेतलेली नाही. त्यांचं म्हणणं, आम्हाला पैसा नको, जमीन हवी.

आणि ज्या 1936 साली वॉलमध्ये पाण्याची पाटी लागली, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये एक लहानसं पुस्तक निघालं. व्हिक्टर ग्रीन नावाच्या कृष्णवर्णीय पोस्टमनने ते काढलं. काळ्या माणसाला जेवण, खोली, पेट्रोल कुठे मिळेल, याची ती यादी होती. अशी यादी लागे, कारण अनेक हॉटेलांत त्यांना घेत नसत, संडास वापरू देत नसत. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचंही नाही. मग आया घरूनच कोंबडी तळून डब्यात भरून घेत, पाणी सोबत ठेवत. मूल विचारी, आपण त्या हॉटेलात का नाही थांबत? त्याचं उत्तर आईबापाने काय द्यावं? मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हेच दुःख मांडलं आहे. कुणी खोली देत नाही म्हणून प्रवासात रात्रीमागून रात्री गाडीतच झोपायचं, आणि लेकीला करमणुकीच्या बागेत का जाता येत नाही ते समजावताना जीभ अडखळायची. ग्रीन यांच्या यादीत अशीही घरं होती जिथे काळ्या बायका आपल्याच घरातली खोली वाटसरूंना देत. त्यांचा संसार चाले आणि परक्या गावात एखाद्या लेकराला निर्धास्त झोप मिळे. 1964 च्या कायद्याने हॉटेलांतला हा भेदभाव बेकायदा ठरला.

हे ऐकताना आपल्याला आपलंच काही आठवायला हवं. 1901 मध्ये छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला होता. मसूर स्टेशनावर जात कळली आणि एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला कबूल झाला, तेही गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर. सोबत जेवण होतं, पण रात्रभर पाणी कुणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हा प्रवास स्वतः लिहून ठेवला आहे. तहान सगळ्यांना सारखीच लागते, रांजण मात्र सगळ्यांना सारखा नव्हता.

पुढे 1956 मध्ये अमेरिकेने मोठे महामार्ग बांधायचा कायदा केला. सरळ, रुंद रस्ते झाले आणि जुन्या रस्त्यांवरची कितीतरी गावं बाजूला पडली. खानावळी, पेट्रोल पंप, लहान दुकानं बंद झाली. वॉल टिकलं, कारण लोक तिथे मुद्दाम वळून येत होते.

आपल्याकडेही आता बाह्यवळणं होतायत, महामार्ग येतायत. म्हणून येत्या बैठकीत दोन गोष्टी बोलून बघा. गावात असं काय आहे, ज्यासाठी एखादी आई लेकरांना घेऊन गाडी थांबवील? हुरडा असेल, गुऱ्हाळ असेल, बारव असेल, नाहीतर नुसता स्वच्छ संडास असेल. बाईमाणसाला प्रवासात त्याची किती नड असते, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आणि दुसरी गोष्ट, आपल्या पाणपोईवर आजही कुणी हात आखडतं का? आखडत असेल, तर पाटी रंगवण्याआधी ते काम करा.