चादरीचा पन्हा आणि गादीची जाडी

चादरीची लांबी विणकर ठरवतो, पन्हा ठरवतो माग. ताणा हवा तेवढा लांब घेता येतो, पण फणी जेवढी रुंद त्यापलीकडे कापड एक बोटही जाऊ शकत नाही. जुन्या हातमागावर ही मर्यादा फार काटेकोर होती. विणकर एका हाताने धोटा टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे दोन्ही हातांच्या टप्प्यात मावेल तेवढाच पन्हा निघे. अंथरुणाला त्याहून रुंद कापड लागते. म्हणून दोन पट्टे मधोमध शिवून जोडण्याची रीत पडली. पंजाबातले जाडेभरडे खेस कित्येक पिढ्या असेच होत. अरुंद मागावर दोन पट्टे विणायचे आणि मधल्या शिवणीत नक्षी एकमेकांना जुळवायची. युरोपातल्या जुन्या चादरींनाही अशीच मधली शिवण असे. चादर मध्ये विरली की ती शिवण उसवत, कडेचे धड कापड मध्ये घेत आणि पुन्हा शिवत.

इंग्लंडमधल्या जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने पळणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले आणि ही अडचण सुटू लागली. त्याआधी रुंद कापडाला मागावर दोन माणसे बसवावी लागत. आता एकट्याने भागू लागले. विणकामाच्या इतिहासात या धोट्याचे नाव वेगासाठी घेतले जाते. अंथरुणाच्या इतिहासात मात्र त्याचे मोल पन्ह्यासाठी आहे, कारण अखंड, बिनशिवणीची चादर साध्या घराच्या आवाक्यात येण्याची वाट इथून सुरू होते.

महाराष्ट्रात चादर म्हटले की सोलापूर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या गावाला मागांचे गाव केले. १८७७ साली तिथे कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर जॅकार्डच्या साहाय्याने विणलेली जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी उमटलेली सोलापुरी चादर घराघरांत पोहोचली आणि २००५ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण सोलापुरी चादर ही मुळात पांघरायची आणि अंथरायची, दोन्ही कामांची वस्तू आहे. ती माणसाच्या मापाची असते. गादीच्या चारी कडांखाली खोचण्यासाठी ती विणलेलीच नव्हती, आणि तशी गरजही त्या काळच्या घरांना नव्हती.

गरज नसण्याचे कारण गादीत होते. कापसाची गादी बाजारातून तयार आणत नसत. ती भरून घेत. गादीपाटाची खोळ शिवून घ्यायची, पिंजाऱ्याला बोलवायचे, सरकी काढलेला कापूस त्याच्यापुढे टाकायचा. पिंजारी लांब कमानीच्या तातेवर लाकडी ठोकळ्याने घाव घालत बसे. तात थरथरली की गाठ झालेला कापूस सुटून तंतू तंतू वर उडे आणि बाजूला हलका ढीग साचत जाई. तो खोळीत सारखा पसरायचा, काठीने बडवून बसवायचा, तोंड शिवायचे आणि कापूस सरकू नये म्हणून लांब सुईने ठिकठिकाणी आरपार टाके घालायचे. शेवटी कडेची गोट बांधायची. अशी गादी साधारण तीन-चार इंच जाड असे, कडांना गोल असे आणि वापराने दबत जाई. दबून दगड झाली की उसवून कापूस पुन्हा पिंजून घेत. तिची जाडी कायम नसल्यामुळे जाडीला माप म्हणून कोणी मोजत नव्हते. लांबी-रुंदी घरातल्या खाटेची किंवा झोपणाऱ्याची.

शिवाय बहुतेक घरांत अंथरूण दिवसभर पसरलेले नसेच. सकाळी गाद्यांच्या वळकट्या होत आणि त्यावर चादरी घडी करून ठेवत. रात्री जमिनीवर गादी उलगडली की चादर वर टाकायची, हाताने सुरकुत्या काढायच्या, उरलेली कड आत दुमडायची. चादर चार बोटे कमी पडली किंवा वीतभर जास्त झाली तरी कोणाची झोप मोडत नसे. पलंगावर घालायचा तो पलंगपोस वेगळा. तो दिवसा अंथरूण झाकण्यासाठी आणि पाहुण्यांसमोर शोभण्यासाठी असे, आणि त्याच्या कडा मुद्दाम खाली लोंबत्या ठेवत.

चादर ताणून, चारी बाजूंनी खोचून घालण्याची शिस्त रुग्णालयांतून आली. परिचारिकेच्या शिक्षणात पलंग तयार करणे हा पहिल्या धड्यांपैकी एक असतो. कोपऱ्याशी चादरीची कड उचलून तिरकी घडी घालायची, लोंबता भाग आधी आत घ्यायचा आणि मग वरची घडी खाली आणून खोचायची. असा कोपरा रुग्ण कुशीवर वळला तरी सुटत नाही आणि पाठीखाली वळी पडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती वळी जखम करू शकते. नीट बसलेली चादर ही टापटिपीपुरती बाब नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

गादी बदलली ती विसाव्या शतकात. १९२९च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलप कंपनीच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकाचा फेस करून तो गोठवण्याची रीत सापडली आणि फोमची गादी जन्माला आली. भारतात रबराने बांधलेल्या काथ्याच्या गाद्या १९६०च्या दशकापासून कारखान्यांत होऊ लागल्या. मागोमाग पॉलियुरेथेन फोम आणि स्प्रिंगच्या गाद्या आल्या. दिवाणखान्यातल्या वळकटीची जागा शयनगृहातल्या डबल बेडने घेतली. सुरुवातीला त्यावरही तीन-तीन फुटी दोन कापसाच्या गाद्या शेजारी ठेवत, आणि मधल्या फटीत चादर शिरे. कारखान्यातल्या गादीने ती फट मिटवली. पण तिचे कोपरे काटकोनी, अंगावरचे कापड गुळगुळीत आणि जाडी सहा, आठ, दहा इंचांपर्यंत. कापसाच्या खरखरीत गादीपाटावर चादर धरून राहायची; इथे ती कुशीगणिक सरकते. पेटीच्या पलंगाच्या खाचेत घट्ट बसलेली गादी उचलून कड खोचायला बोटालाही जागा मिळत नाही.

चादरी मात्र जुन्याच मापांत येत राहिल्या. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला आणि पुढे ते गाव, भिवंडी आणि मालेगाव यंत्रमागांनी गजबजली. या केंद्रांतला साधा माग अरुंद कापडाचा. चादरीच्या मोठ्या पन्ह्याला वेगळे, रुंद माग लागतात, आणि एकदा बसवलेला माग विणकर सहजासहजी बदलत नाही. त्यामुळे बाजारात ठरावीक मापे रुळली. सिंगल म्हणजे ६० बाय ९० इंच, डबल म्हणजे ९० बाय १०० किंवा ९० बाय १०८, आणि त्याहून मोठी १०८ बाय १०८.

या मापांचा हिशेब गादीवर मांडला की घोळ कुठे आहे ते दिसते. ७२ इंच रुंद गादी घ्या. ती चार इंच जाड असेल, तर दोन्ही बाजू झाकायला चादरीला ८० इंच लागतात. ९० इंची चादर दर बाजूला पाच इंच खोचायला उरते. तीच गादी आठ इंच जाड असेल, तर ८८ इंच लागतात आणि खोचायला उरतो एकेक इंच. दहा इंची गादीवर चादर कडेच्या खालपर्यंतही पोहोचत नाही. वर सुती कापड आटते. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत ताणलेले सूत पहिल्या धुण्यात सैल पडून मूळ जागी येते. आधीच आटवून न घेतलेली ९० इंची चादर शेकडा चार आटली तरी साडेतीन इंच गेले. म्हणजे दुकानात आठ इंची गादीला जेमतेम पुरलेली चादर पहिल्या धुण्यानंतर तोकडी होते. दोष विणकराचा नाही, गादीवाल्याचाही नाही. दोन्ही धंद्यांनी आपापली मापे स्वतंत्रपणे ठरवली आणि जाडी दोघांच्या मध्ये राहून गेली.

अमेरिकेत या प्रश्नावर शिवणकामातून उत्तर निघाले. १९५९ साली बर्था बर्मन यांनी कोपरे शिवलेल्या, गादीवर टोपीसारख्या बसणाऱ्या चादरीचे पेटंट घेतले. गाद्या जाड होत गेल्या तसे हे कोपरेही निसटू लागले. १९९०च्या दशकात कॅनडातल्या झिझेल झ्युबिनव्हील यांनी खोल कोपऱ्यांची नवी रचना काढली. भारतात इलॅस्टिकची चादर अलीकडे रुळते आहे. तिची कल्पना मराठी घराला परकी नाही, कारण गादीला मापाची खोळ शिवून घेण्याची सवय इथे जुनी आहे. खोळ त्या एकाच गादीसाठी बेतलेली असे. तयार मिळणारी चादर अंदाजाने बेतलेली असते, आणि तिच्या कोपऱ्याची खोली गादीच्या जाडीहून कमी असली तर इलॅस्टिक कितीही चांगले असो, पहाटेपर्यंत कोपरा वर येतो.

बंद पाकिटातल्या चादरीवर तिचे माप छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते मेट्रिकमध्ये द्यावे लागते. म्हणून ९० बाय १०० इंचांची चादर पाकिटावर २२८ बाय २५४ सेंटिमीटर होऊन येते, तर दुकानदार आणि गिऱ्हाईक गादीबद्दल अजून इंचांतच बोलतात. गादी घेताना तिन्ही मापे लिहून घ्यावीत. रुंदीत जाडी दोनदा मिळवावी, वर खोचायला बारा इंच आणि आटायला चार धरावेत, आणि लांबीचाही हिशेब तसाच करावा. ७२ इंच रुंद, आठ इंच जाड गादीला हे गणित १०४ इंचांवर जाते. तिला बाजारातली १०८ इंची चादरच पुरते, ९० इंची नाही.